पाऊस थांबला की पाण्याचे आकडेपण थांबतात, असं का?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

जून ते सप्टेंबर तुमच्या पेपरात पाण्याची बातमी रोज असते. कोयनेत आवक किती, दौंडवरून उजनीत विसर्ग किती, सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट, आणि कोल्हापुरात राजाराम बंधारा 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकला की मग पहिल्या पानावर फोटोच. छान आहे, आम्ही आवडीनं वाचतो. पण परतीचा पाऊस गेला की हे सगळं गायब होतं, आणि मग एकदम एप्रिलमध्ये टँकरभोवतीच्या घागरींचा फोटो येतो, मधल्या पाच-सहा महिन्यांत ते पाणी गेलं कुठं, कोणी किती उचललं, विहिरी कधी खाली गेल्या याचा पेपरात पत्ताच नसतो. मला विचाराल तर पाण्याची खरी बातमी त्याच महिन्यांत असते. रब्बीला किती आवर्तनं (कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या) द्यायची हे कालवा सल्लागार समिती तेव्हा ठरवते, ऊस ठेवायचा का मोडायचा हे शेतकरी तेव्हा ठरवतो, आणि नेमके तेव्हाच आकडे छापणं बंद.

पावसाळ्यातले आकडेही जसे छापले जातात त्यातनं फार काही कळतं असं नाही. "मध्य महाराष्ट्रात सरासरीइतका पाऊस" अशी ओळ वाचली की माणूस निवांत होतो. पण हवामान खात्याच्या हिशोबात सरासरीच्या 19 टक्के वर किंवा 19 टक्के खाली, दोन्ही सरासरीइतकंच, म्हणजे 100 ऐवजी 81 पडला तरी नॉर्मल. त्यात मध्य महाराष्ट्र म्हणजे महाबळेश्वरही आलं आणि माण, खटाव, सांगोलाही आलं, एकाच पिशवीत. घाटावर आठवडाभर धो धो कोसळला की पिशवीचं वजन भरलं, इकडं बाजरी करपली तरी त्या आकड्याला काही फरक पडत नाही.

2023 आठवा. त्या वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. तरीसुद्धा सप्टेंबर संपला तेव्हा कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ चारही विभागांचा हंगामाचा आकडा नॉर्मलच्या कक्षेत बसत होता, आणि 31 ऑक्टोबरला सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला! नंतर त्यात आणखी हजारावर महसूल मंडळांची (मंडळ म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट) भर पडली. आता ज्यानं फक्त विभागाचा आकडा वाचला असेल त्याला वाटणार दुष्काळ आला कुठनं. मंडळनिहाय रोजचा पाऊस कृषी विभागाच्या महारेन साइटवर असतो, त्यातनं महिन्याला पावसाचे दिवस किती झाले आणि मधे सलग किती दिवस कोरडे गेले एवढं जरी काढून छापलं तरी शंभर टक्क्यांच्या बातमीपेक्षा जास्त कामाचं होईल. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी धरतात, अशा दोन दिवसांत महिन्याची सरासरी गाठली जाते आणि त्यातलं बरंचसं पाणी माती घेऊन ओढ्यातनं निघून जातं.

धरणाच्या टक्केवारीचं तर विचारूच नका. उजनी शून्य टक्के म्हटलं की नवख्या माणसाला वाटतं धरण कोरडं पडलं, खरं तर तेव्हा आत जवळपास 63-64 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी असतं. त्याच्या वरचा उपयुक्त साठा साधारण 53-54 टीएमसी आणि टक्के मोजतात ते फक्त त्याचे, त्यामुळं धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली जातं आणि चांगल्या पावसात 111 टक्क्यांपर्यंत भरतं. हे गणित सोलापूर-धाराशिवकडच्या पोरांनाही पाठ आहे पण बाकी राज्याला नाही, म्हणून टक्के छापताना शेजारी टीएमसी आणि हा उपयुक्त साठा का एकूण, हे लिहा ना. क्युसेकचंही (सेकंदाला एक घनफूट पाणी) तसंच, एक लाख क्युसेकनं अख्खा दिवस पाणी वाहिलं तर साडेआठ टीएमसीच्या थोडं वर होतं, पण विसर्ग किती तास चालला हे बातमीत क्वचितच असतं. नुसता लाखाचा आकडा, आणि लगेच तो व्हॉट्सॲपवर फिरतो.

जायकवाडीचं पाणी पेटतं ते 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर. तेव्हा 65 टक्के नसेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतनं पाणी सोडायचा प्रश्न येतो, 2023 ला 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला होता. भांडणाच्या बातम्या तुम्ही भरपूर दिल्या. पण त्यानंतर दर महिन्याला वर किती राहिलं, खाली किती पोचलं, वाटेत किती मुरलं ते सलग कुठं वाचायला मिळालं नाही.

आणि विहिरी-बोअर. निम्मी गावं धरणाच्या पाण्याचं तोंडही बघत नाहीत, त्यांचं सगळं भूजलावर. आपल्याकडं बहुतेक भागात काळा बेसाल्ट, पाणी साठणार ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत, म्हणून दिवाळीला काठोकाठ असलेली विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते यात नवल काही नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातनं चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून कुठल्या तालुक्यात पातळी किती मीटर खाली गेली ते काढते. टंचाई कुठं येणार ते ऑक्टोबरच्या त्या मोजणीत बऱ्यापैकी दिसतं. ती बातमी तुमच्याकडं आलीच तर आतल्या पानावर दोन इंचात येते, शेजारी मोठी जाहिरात.

तर विनंती अशी की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जिल्हा पुरवणीत अर्धं पान पाण्याला द्या, बाराही महिने. त्यात तालुक्याचा पाऊस आणि कोरडे दिवस, नदीची पातळी, धरणात टीएमसीमध्ये साठा आणि गेल्या वर्षी त्याच तारखेला किती होता, कालव्याचं आवर्तन चालू का बंद, आणि मोजणीचा महिना असेल तर भूजल. जलसंपदा विभाग धरणसाठ्याचा तक्ता रोज टाकतोच, गोळा करायला एक माणूस दोन दिवस बसवला तर होईल (साइट उघडली तर!). सुरुवात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून करा, तोवर ऑक्टोबरची भूजल मोजणी झालेली असते आणि रब्बीची आवर्तनं ठरायची असतात.

कळावे,
तुमचा एक नेहमीचा वाचक