चार दिवस समुद्राच्या घड्याळाने

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, रजा मिळाली, खोलीही मिळाली, पण समुद्रकाठच्या एवढ्याशा गावात चार दिवस करायचं काय? बघण्यासारखं तर काहीच नाही तिथे." मी नुसतं "जा गं, बरं वाटेल" म्हणालो आणि फोन ठेवला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र एकेक आठवत गेलं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

दोन वर्षांत तू सलग चार दिवस सुट्टी घेतलेली नाहीस. हल्ली बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडतेस, "काय सांगत होते मी?" असं विचारतेस. तुझी आई काही बोलत नाही, पण तिच्याही ते लक्षात आलंय. तेव्हा पहिल्या दिवशी काही म्हणजे काही ठरवू नकोस. पोचलीस की झोप. संध्याकाळी उठून किनाऱ्यावर जाऊन बसलीस तरी त्या दिवसाचं काम झालं.

दुसऱ्या दिवसापासून एकच कर. तिथल्या कुणाला तरी भरती-ओहोटीच्या वेळा विचार आणि दिवस त्यावर बेतून टाक. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोजची वेळ आदल्या दिवशीपेक्षा सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सातला पाणी पार मागे गेलेलं असेल तर उद्या ते आठच्या सुमारास जाईल. कामाच्या दिवशी रोज एकाच ठोक्याला उठणाऱ्या तुला हे सरकतं घड्याळ दोन दिवसांत आवडायला लागेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास गेलीस तर उधाण असतं. तेव्हा पाणी खूप आत येतं आणि तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढउतार कमी.

ओहोटीला चालायला जा, अनवाणी. पाणी नुकतंच सरलेली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाहीत, कितीही चाललं तरी दमायला होत नाही. चालताना एकदा खाली बघ. पाऊल टेकलं की त्याच्या भोवतीची ओली वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसते. आपल्याला वाटतं, वजनाने पाणी दाबून बाहेर निघालं. खरं उलटं आहे. वाळूचे कण एकमेकांत घट्ट बसलेले असतात, पाऊल पडलं की ते हलतात आणि त्यांच्यामधली जागा वाढते, मग वरचं पाणी खाली ओढलं जातं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८८५ साली हे मांडलं. मी हे वाचलं तेव्हा पन्नाशी उलटली होती. आयुष्यभर वाळूत चाललो आणि पायाखाली काय चाललंय ते एकदाही पाहिलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

शिंपले वेचशीलच. एखाद्याला टोकाशी अगदी सुबक, गोल भोक दिसेल, ओवून गळ्यात घालावं असं. ते भोक पाडणारी एक शिकारी गोगलगाय असते. ती शिंपल्याला बिलगून बसते, आपल्या स्रावाने कवच मऊ करत आणि किसणीसारख्या जिभेने घासत तासन्‌तास भोक पाडते, आणि आतला जीव खाते. शंख उचलताना मात्र आत कुणी नाही ना, ते पाहून मगच पिशवीत टाक. रिकाम्या शंखात खेकडे बिऱ्हाड करतात. काचेसारखा जेलीफिश वाळूवर पडलेला दिसला तर मेलेला वाटला तरी हात लावू नकोस, त्याचे दंश करणारे धागे तेव्हाही काम करत असतात.

खडकांच्या बाजूने वळसा घालून पलीकडच्या किनाऱ्यावर जायचा मोह होईल. जरूर जा, पण पाणी उतरत असताना निघ आणि पाणी फिरायच्या आत अलीकडे ये. भरती एका चालीने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम कळते, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळपास अर्धं पाणी चढून जातं. अजून वेळ आहे म्हणून माणूस बसून राहतो आणि परतीची वाट बुडते.

पोहण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ते माझ्या अंगावरून गेलंय. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट, आईलाही पूर्ण सांगितलेली नाही. लाटा फुटत होत्या, फेस उसळत होता आणि मधेच एक पट्टा शांत, गडद दिसत होता. तिथे लाटा नाहीत म्हणून मी मुद्दाम तिकडून शिरलो. तोच पट्टा धोक्याचा असतो. लाटांनी किनाऱ्याशी आणून टाकलेलं पाणी तिथूनच परत समुद्रात जातं, आणि त्याला भयंकर ओढ असते. मी किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारत होतो आणि किनारा लांब लांब जात होता. एक अनोळखी माणूस काठावरून दोन्ही हात आडवे करून ओरडत होता, "कडेने! कडेने ये!" मी किनाऱ्याला समांतर वळलो, वीसेक हात गेलो असेन, आणि ओढ एकदम सुटली. त्या माणसाचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. चिऊ, ओढीशी झगडायचं नाही, तिच्यातून बाजूला व्हायचं. दम लागला तर पाठीवर तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. एकटीने पाण्यात उतरू नकोस, सोबतची मैत्रीण काठावर जागी असू दे.

शक्यतो सकाळीच पोहा. सकाळी समुद्र बहुधा शांत असतो. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि समुद्रावरून वारा सुटतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होतेस, आठवतं? दुपारी सावलीत पुस्तक तोंडावर घेऊन पडलीस की खारे वारे अंगाला कळतील, आणि रात्री उशिरा तोच वारा जमिनीकडून समुद्राकडे वळलेला असेल.

किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला असेल तर एक खेळ कर. सूर्य पार मंद झाला की वाळूवर पालथी पड, हनुवटी वाळूला टेकव. वरची कड पाण्याखाली गेली की ताडकन उभी राहा. कड पुन्हा दिसेल आणि काही सेकंदांनी दुसऱ्यांदा मावळेल. डोळे उंचावले की क्षितिज मागे सरकतं, म्हणून. उभं राहून दिसतं ते क्षितिज पाचेक किलोमीटरवरच असतं, इतकं जवळ.

रात्री दीपगृह दिसत असेल तर त्याचे झोत मोज. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी ठेवलेली असते, खलाशाला त्यावरूनच कळतं आपण कुठे आहोत ते. मला झोप येत नसली की मी अजूनही मनात ते मोजतो.

आता जे सांगायचं म्हणून पत्र लिहायला घेतलं, ते. तू सहा वर्षांची असताना आपण समुद्रावर गेलो होतो. माझ्या खिशात यादी होती, दोन दिवसांत काय काय बघायचं त्याची. ओहोटीला तू वाळूत एका बारीक भोकापाशी उकिडवी बसलीस. नखाएवढा खेकडा बाहेर यायचा, वाळू तोंडात घ्यायचा, त्यातलं खाण्याजोगं तेवढं चाळून घ्यायचा आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायचा. भोकाभोवती त्या गोळ्यांच्या ओळी पसरत गेल्या होत्या, रांगोळीसारख्या. तू म्हणालीस, "बाबा, बस ना, हा बघ काय करतो." मी घड्याळ पाहिलं आणि तुझ्या दंडाला धरून तुला उठवलं. त्यानंतर आपण कुठे गेलो, काय पाहिलं, मला काही आठवत नाही. ती उकिडवी बसलेली तू तेवढी आठवतेस.

पुढच्या भरतीत त्या सगळ्या गोळ्या विरघळतात आणि पाणी ओसरलं की तो पुन्हा सुरुवात करतो. यावेळी तो दिसला तर हवा तितका वेळ बस. फोन खोलीवर ठेवून जा, आम्हाला काळजी वाटली तर मैत्रिणीला करू. आणि आल्यावर मला सगळं सांग, तो आधी कुठल्या बाजूला वळला, किती गोळ्या झाल्या, तुझी सावली पडल्यावर आत पळाला का. तेव्हा ऐकायचं राहून गेलं.

तुझा,
बाबा

ता. क. सनस्क्रीन पावलांच्या वरच्या बाजूलाही लाव, तिथे हमखास विसरायला होतं. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते आणि लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत, त्यामुळे छत्रीखाली बसूनही ऊन लागतं. आईने तुझी जुनी रुंद काठाची टोपी काढून ठेवली आहे, जाताना घरावरून जा.