सिस्टर, त्या दोन पट्ट्या अजून माझ्याकडे आहेत

प्रिय सिस्टर,

मराठीत लिहितेय, तुम्हाला वाचता येणार नाही माहितीये, पण इंग्लिशमध्ये लिहायला बसले की थँक्यूच्या पुढे काही सुचतच नाही.

नायजेरियातल्या कॅलाबारमधली ती रात्र आठवली की अजून पोटात गोळा येतो. आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, नवरा समुद्रात तेलाच्या रिगवर, आणि ज्या हॉस्पिटलात नाव घातलं होतं तिथल्या काउंटरवरचा माणूस आधी डिपॉझिट भरा म्हणत राहिला, माझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही त्याने. तुमच्या दारात कशी पोचले ते सांगत बसत नाही. तुम्ही दार उघडलंत आणि पैशाचं काहीही न विचारता माझा हात धरलात, एवढं लख्ख आठवतंय.

सकाळी घरी फोन लावला तर पलीकडून पहिलं वाक्य, "दोन्ही मुलीच?" त्यानंतर मी फोन बंदच करून ठेवला. पाळण्यांवर बेबी वन, बेबी टू लिहिलेलं. तुम्ही आलात, ते वाचलंत आणि पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे फाडून माझ्या हातात पेन दिलंत. बारसं व्हायचंय अजून, म्हटलं. मग लाडाने काय म्हणशील ते लिही, तुझ्या लिपीत लिही, म्हणालात. हात इतका थरथरत होता की माऊचा ऊ पट्टीबाहेर गेला. चिऊ आणि माऊ. तुम्ही त्या पट्ट्या स्वतः चिकटवल्यात आणि दोघींना त्याच नावाने हाक मारलीत, चुकीच्या उच्चारात, पण मारलीत. तोवर रडू आलं नव्हतं मला, तेव्हा आलं.

रात्री स्टुलावर बसून तुम्ही मेरी स्लेसर या मिशनरी बाईबद्दल सांगितलंत. अकराव्या वर्षापासून स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरणीत राबलेली मुलगी, 1876 मध्ये याच कॅलाबारला आली. तेव्हा इथे जुळं म्हणजे अपशकुन, बाळांना मडक्यात घालून रानात टाकायचे आणि आईलाही गावाबाहेर काढायचे. मेरी ती बाळं उचलून घरी आणायची, आयांच्या बाजूने उभी राहायची. त्यातल्याच एकीला तिने आपल्या बहिणीचं नाव दिलं, जेनी, आणि पोटच्या पोरीसारखं वाढवलं. 1888 ला ओकोयाँगच्या मुलखात जाऊन राहिली, जिथे जायला बाकीचे घाबरायचे. मलेरियाने पार पोखरली तरी 1915 मध्ये मरेपर्यंत इथलीच होऊन राहिली. लोक तिला मा म्हणायचे. मा! आपल्याकडे सोनोग्राफीच्या मशीन आल्या तरी 'दोन्ही मुलीच' सुटत नाही आणि ही बाई दीडशे वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी भाल्या-तलवारींसमोर जाऊन उभी राहायची.

मी विचारलं होतं, तिला भीती नाही का वाटायची? तुम्ही म्हणालात, वाटत असणार, म्हणून तर प्रार्थना करायची. मग तुम्ही माळ काढलीत आणि मला म्हणालात, तू तुझी म्हण. मी रामरक्षा म्हटली, मधे दोन ओळी विसरले, तुमचे ओठ आपले हलतच होते. देव बदल असं एका शब्दानेही म्हणाला नाहीत. इतकी वर्षं आपलं घरदार सोडून परक्या मुलखात राहायचं आणि समोरच्याला परकं वाटू द्यायचं नाही, हे कुठून येतं माणसात.

पोरी आता सहा वर्षांच्या आहेत. पट्ट्यांचा गोंद सुकलाय, चिऊची शाई पुसट झालीये, माऊची मात्र अजून तशीच आहे. परवा माऊने विचारलं, माझा ऊ असा बाहेर का गेलाय? तेव्हापासून दोघी तुमचा फोटो मागतायत. एक पाठवा ना, सिस्टर.

तुमची,
चिऊ-माऊची आई