वरच्या खोलीचं काय ठरलं?

फ्रायबुर्ग, जर्मनी

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू पुढं" म्हणतात आणि आई पाऊसपाण्याकडं वळते. म्हणून या वेळी कागदावरच लिहितो. वरची खोली रिकामी आहे, तिथं एखादा विद्यार्थी ठेवा म्हणत होतो. वरच्या खोलीचं काय ठरलं?

आधी माझं सांगतो. तब्येत ठणठणीत आहे. ज्यांच्या घरी राहतो ते आजी-आजोबा ऐंशीच्या घरातले, मुलगी पार हॅम्बुर्गला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. "भाडं न घेता कोण ठेवून घेतं, नीट चौकशी कर," असं बाबा म्हणाले होते. तर ऐका. विद्यार्थ्यांसाठी इथं ही रीतसर पद्धतच आहे. खोली जितक्या चौरस मीटरची, महिन्याला तितके तास घरच्यांना मदत करायची. माझी खोली पंधरा मीटरची, म्हणजे १५ तास. वीज, पाणी, हीटिंगचे पैसे मी भरतो. बागेची कामं, बाजारहाट, खिडक्या पुसणं, आजोबांचा कॉम्प्युटर, हे माझ्याकडं. अंघोळ घालणं, औषधपाणी बघणं असली शुश्रूषा यात धरत नाहीत, ती त्यातल्या शिकलेल्या माणसांनीच करायची. सगळं आधी लेखी.

आजीनं या तासांसाठी एक वही घातली आहे, फ्रिजशेजारी खिळ्याला दोरीनं टांगलेली. "कुंपण कापलं, दीड तास." "पाण्याच्या बाटल्यांचे खोके वर आणले, पाव तास." परवा जेवण झाल्यावर आजोबांनी पत्ते काढले आणि आम्ही बराच वेळ खेळलो. सकाळी बघतो तर वहीत माझ्या नावावर एक तास. म्हटलं, आजी, हे कसलं काम? मला मजा आली. तर म्हणाल्या, "वेळ तुझाच गेला ना?" आणि खोडायला तयार नाहीत. आपल्याकडं शेजारच्या काकूंनी असा हिशोब मांडला असता तर गल्लीभर चर्चा झाली असती. पण खरं सांगू, मला हे बरं वाटतं. उपकार कुणाचे कुणावर नाहीत, त्यामुळं दोन्हीकडं संकोच नाही.

बाकी तऱ्हा वेगळ्याच. बाहेर शून्य डिग्री असली तरी सकाळी घरभर खिडक्या सताड उघडायच्या. पाच-दहा मिनिटं घर गारठवलं की परत बंद, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. रात्रीचं जेवण संध्याकाळी सहाला आणि तेही गार: पाव, चीज, आंबवलेल्या काकड्या. आई, तू असतीस तर त्या ताटाकडं बघूनच गॅस पेटवला असतास. रविवारी दुकानं बंद. गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, भिंतीत ड्रिल मारायचं नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्यासुद्धा कचऱ्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. शहरात रस्त्याकडेनं पाण्याचे छोटे पाट वाहतात. त्यात चुकून पाय पडला तर इथल्याच मुलीशी लग्न होतं म्हणतात. मी जपून चालतो, काळजी नसावी.

आता मुद्द्याचं. जुलै लागला की मी लेक्चरला बसूनही मोबाइलवर आपल्या कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची, म्हणजे पंचगंगेच्या पाण्याची, पातळी बघत असतो. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला आणि २०२१ ला शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा फ्रिज आणि धान्याची पिंपं जिन्यानं वर चढवायला मी होतो. यंदा कोण चढवणार? बाबांचे गुडघे? तुमच्याकडं रात्रीचे बारा वाजतात तेव्हा इथं साडेआठ. मी जागाच असतो, पण इथं जागून तुमचा फ्रिज वर जात नाही.

"आपल्यातलाच मुलगा हवा" ही बाबांची अट मला पटलेली नाही. बाबा, शाहू महाराजांनी १९०१ पासून या गावात एकेक वसतिगृह उभं करवलं. तुम्ही स्वतः दसरा चौकातल्या बोर्डिंगात राहून शिकलात. ती बोर्डिंगं तरी जातवारच होती, असं तुम्ही म्हणाल. होती. पण तेव्हा खेड्यातल्या पोराला गावात दारात कुणी उभं करत नव्हतं, म्हणून ती काढावी लागली. आज आपलं दार आपल्या हातात आहे. या आजी-आजोबांना माझं आडनाव अजून धड उच्चारता येत नाही, जात तर लांबच. तरी घराची किल्ली माझ्या खिशात आहे.

शिवाजी विद्यापीठात चंदगड, आजऱ्याकडची पोरं भरपूर येतात. एखाद्या गरजू पोराला खोली द्या. भाडं निम्मं घ्या आणि बदल्यात कामं कुठली ते आधी कागदावर ठरवा: आठवड्याची मंडई, गॅस सिलिंडर, बँकेचं काम, पावसाळ्यात सामान वर चढवणं. आई, डब्याचंही तेव्हाच ठरव. तू दोन दिवसांत फुकट जेवायला घालायला लागशील आणि मग पोरगं संकोचानं बाहेर जेवेल.

माझी पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर टाका. कपाट त्याला वापरू दे. कांदा-लसूण चटणी अजून पुरेल. परवा पांढरा रस्सा केला होता, आजोबांनी दोनदा घेतला. तांबड्याला मात्र लांबूनच हात जोडले.

आणि कुणी राहायला येण्याआधी वायरमनला बोलावून वरच्या बाथरूमचा गिझर तेवढा दाखवा. मी होतो तेव्हापासूनच तो झटके देतो.

तुमचा,
धाकटा