मोरपंखीबद्दल, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू नंतर" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. मोरपंखीचं मी ठरवलं आहे. ती तोडायची नाही. बाबा, एवढं आधी वाचा आणि मग चहा घेऊन निवांत पुढचं वाचा. चाफ्याचं झालं तसं हिचं होऊ देणार नाही.

पण वाटेकडची बाजू हलकी करावीच लागेल. फाटकापासून पायरीपर्यंत ती आता इतकी पसरली आहे की वॉकर तिच्या फांद्यांत अडकतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने तिथे तिरकं होऊन, भिंत चाचपत घरात यावं, हे मला बघवत नाही. त्यात पावसाळ्यात फरशीवर शेवाळ. आई, तू म्हणतेस, "मी असते ना मागे." अगं, पण तोल गेलाच तर तुझ्या त्या मनगटाने त्यांना सावरणार आहेस का? मी इथे ठाण्यात, घोडबंदर रोडला अडकले की बेलापूरला पोचायला दोन-दोन तास लागतात. रात्री हेच डोक्यात फिरत राहतं.

नर्सरीवाल्याने "बुटकी जात आहे, वाढणार नाही" म्हणून दिली होती ना? बुटकी म्हणजे सावकाश वाढणारी, वाढ थांबलेली नाही. अशी सूचिपर्णी झाडं वर्षाला साधारण अडीच ते पंधरा सेंटीमीटर वाढतात. दहा धरले तरी तीस वर्षांत तीन मीटर होतात, आणि आपली तेवढी झालीच आहे.

बाबा, तुम्ही कात्री लावू देत नाही यात तुमचंच बरोबर आहे, हे मी वाचून आणि विचारून खात्री करून घेतलंय. मोरपंखीची पानं गळालेली, तपकिरी जुनी फांदी कापली तर तिथून सहसा पुन्हा पालवी फुटत नाही. समोरच्यांनी मोठी कात्री फिरवून झाडाचा चेंडू करून घेतला, त्याची भगदाडं अजून भरली नाहीत ती याचमुळे. म्हणून आपल्याकडे मोठी कात्री येणारच नाही. सिकेटरने, म्हणजे हातात मावणाऱ्या छाटणीच्या कात्रीने, एकेक फांदी धरून, हिरव्या भागातच, टोकाकडचं चार बोटं कापायचं आणि मागे हिरवं शिल्लक ठेवायचं. वरच्या अंगाला जो एक धुमारा बाकीच्यांना मागे टाकून सरळ उंच निघालाय, तो मात्र जिथून फुटलाय तिथूनच काढायचा, नाहीतर तो सगळ्या झाडाचा आकार बिघडवील.

एवढ्याने वाट फार तर वीतभर मोकळी होईल, आणि वॉकरला ती पुरणार नाही. म्हणून उरलेली जागा पलीकडून घ्यायची. फरशीची एक रांग अबोलीच्या वाफ्यात सरकवायची. आई, रागावू नकोस. अबोली कुंड्यांत लावून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवू, गजऱ्याला तुला बाहेरसुद्धा जावं लागणार नाही. तुळशीला कोणी हात लावणार नाही. भिंतीच्या बाजूने स्टीलचा कठडाही बसवून घेतेय, बाबांना धरायला. पैशांचं बोलू नका, ते झालंय.

आपल्या आर्टिस्ट व्हिलेज वसाहतीची ही घरं वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी आखलीच होती मुळी माणसांच्या गरजेप्रमाणे वाढवता येतील अशी. तुम्ही वरची खोली काढलीत, ओटा बंद करून मला अभ्यासाची जागा केलीत. मग बाबांच्या पायासाठी एक वाट सरकली तर काय बिघडलं?

बाबा, खंडेनवमीला तुम्ही हिचीच पानं तोडून माझ्या पुस्तकांत ठेवायचात. तळहातासारखं चपटं, उभं पान, नखाने चुरलं की राळेचा वास. माझ्या भूगोलाच्या वहीत एक अजून आहे, तांबूस पडलेलं. त्या झाडाला मी दुखवीन असं तुम्हाला वाटायला नको, एवढंच म्हणायचं होतं.

आता नीट ऐका. माळी आणि गवंडी दिवाळीनंतरच्या रविवारी येतील, म्हणजे पाऊस पूर्ण गेलेला असेल आणि कापलेल्या जागा ओल्या राहून बुरशी धरणार नाही. मी सकाळीच येतेय, प्रत्येक फांदी तुम्हाला दाखवूनच कापली जाईल. तुम्ही दारापाशी खुर्ची टाकून बसा, पण माळ्याच्या हातातून सिकेटर घेऊ नका. आतला तपकिरी भाग बघून "कीड लागली" म्हणून रोज बादलीभर पाणी ओतता ते बंद करा. आत ऊन पोचत नाही म्हणून तिथली पानं वाळतात, ते या झाडाचं नेहमीचंच आहे. उलट मुळाशी पाणी साचलं तर मुळं कुजतील. छाटणीनंतर लगेच खतही नको. आई, यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या शनिवारीच आणून ठेव, रविवारी आपलं औषधांचं दुकान बंद असतं. आणि मजुरांसाठी पोहे मी घेऊन येतेय, तू स्वयंपाकाच्या ओट्यापाशी तासभर उभी राहू नकोस.

तुमची,
छकुली