रोमा लोकांबद्दल लिहिताना त्यांच्या हक्कांबद्दलही लिहा

संपादक महोदय,

नमस्कार. आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोप प्रवासावर लेख आला होता, त्यात स्टेशनवर जिप्सी बायका-पोरांपासून सावध राहा, पाकीट सांभाळा असा एक पॅरा होता आणि बाजूलाच चौकटीत हे लोक, म्हणजे रोमा, मूळचे आपलेच, हजार वर्षांपूर्वी भारतातून गेलेले अशी माहिती होती. दोन्ही एकाच पानावर वाचून खूप वाईट वाटलं, रागही आला, म्हणून लिहितेय. एकतर चोर नाहीतर आपले हरवलेले भाऊबंद, आणि या दोन्हीच्या मधे ती माणसं आज ज्या देशात राहतात त्या देशाची नागरिक आहेत ही साधी गोष्ट कुठेच नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

युरोपात रोमा लोकांची संख्या अंदाजे एक कोटी ते सव्वा कोटी धरतात, त्यातले साठ लाखांच्या आसपास युरोपियन युनियनच्या देशांत राहतात. रोमानिया, बल्गेरिया, हंगेरी, स्लोव्हाकिया, स्पेन, सगळीकडे. आणि त्यातले बहुतेक सगळे पिढ्यान् पिढ्या एकाच गावात राहतात, तांडा घेऊन फिरणारे आता अगदी थोडे उरलेत. पण रोमा म्हणजे भटका हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की सरकारंसुद्धा त्यावरच धोरण आखतात. इटलीचं बघा. युगोस्लाव्हियातून आलेली कितीतरी कुटुंबं तिकडे नीट घरात राहात होती, इटलीत आल्यावर त्यांना शहराबाहेर कंटेनरच्या वस्तीत ठेवलं, का तर ही माणसं भटकी, यांना पक्कं घर लागत नाही. मग मे २००८ मधे तिथल्या सरकारने भटक्यांमुळे आणीबाणी आली असं जाहीर करून मिलान, रोम, नेपल्सच्या वस्त्यांमधे जनगणना लावली, बोटांचे ठसे घेतले. त्यात इटलीचेच नागरिक असलेले रोमा पण होते. ती आणीबाणी बेकायदेशीर होती असं तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने नोव्हेंबर २०११ मधे सांगितलं, म्हणजे साडेतीन वर्षांनी. तोपर्यंत ज्यांच्या वस्त्या उठवायच्या त्या उठवून झाल्या होत्या.

फ्रान्सचं तर सगळ्यांना आठवत असेल, २०१० च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष सार्कोझींच्या काळात रोमा लोकांना विमानात बसवून रोमानिया-बल्गेरियाला पाठवत होते, मोठ्या माणसाला ३०० युरो, लहान मुलाला १०० युरो हातावर ठेवून. आपल्याकडे ती बातमी आली तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की हे घुसखोर असतील. अहो, ते घुसखोर नव्हते! रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २००७ पासून युनियनचे सदस्य आहेत, म्हणजे फ्रान्समधे जाऊन राहण्याचा हक्क या लोकांना एखाद्या जर्मन माणसाइतकाच होता. फक्त नियमात एक मेख आहे. पहिले तीन महिने कोणीही नागरिक कुठल्याही सदस्य देशात राहू शकतो, त्यानंतर राहायचं तर काम पाहिजे किंवा स्वतःचं भागवण्याइतके पैसे आणि आरोग्य विमा पाहिजे. आणि या दोन देशांच्या लोकांना फ्रान्समधे काम करायला २०१३ च्या शेवटापर्यंत वेगळं परमिट लागायचं. म्हणजे राहायचं तर नोकरी दाखवा, नोकरी करायची तर परमिट आणा, आणि झोपडीत राहणाऱ्या, पत्ता नसलेल्या माणसाला परमिट काढून देणारा मालक कुठून मिळणार?

त्यातही ५ ऑगस्ट २०१० चं सरकारी परिपत्रक बाहेर आलं तेव्हा कळलं की तीन महिन्यांत ३०० बेकायदा वस्त्या हटवा आणि त्यातही रोमांच्या वस्त्या सगळ्यात आधी हटवा असं त्यात सरळ लिहिलं होतं. एका समाजाचं नाव घेऊन! युरोपियन कमिशनच्या, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाच्या, न्याय आयुक्त व्हिव्हियान रेडिंग यांनी जाहीरपणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे असं म्हटलं, परिपत्रक बदललं गेलं, फ्रान्सने कायद्यात सुधारणेचं आश्वासन दिलं आणि कमिशनने कारवाई पुढे नेली नाही. वस्त्या उठवणं मात्र पुढचं सरकार आल्यावरही चालूच राहिलं.

वस्ती उठवणं हे ऐकायला एका दिवसाचं काम वाटतं पण त्याने काय होतं ते समजून घ्यायला पाहिजे. पत्ता गेला की मुलाचं शाळेतलं नाव अडतं, दवाखान्याचं कार्ड अडतं, मतदार यादीतलं नाव अडतं, आणि मग तोच अधिकारी म्हणतो की या लोकांना मुलांना शाळेत पाठवायचंच नसतं.

शाळेच्या मुद्द्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मी स्वतः शिक्षिका आहे आणि ओस्त्रावाची केस वाचल्यावर मला खरंच सुन्न व्हायला झालं होतं. ओस्त्रावा हे चेक रिपब्लिकमधलं कोळसा-पोलादाचं शहर. तिथे बौद्धिकदृष्ट्या मंद मुलांसाठी म्हणून वेगळ्या स्पेशल शाळा होत्या. एक बुद्धिमापन चाचणी घ्यायची, पालकांची सही घ्यायची आणि मूल तिकडे. कोर्टासमोर आलेले आकडे असे होते की शहरातल्या रोमा मुलांपैकी ५० टक्क्यांहून जास्त या स्पेशल शाळेत आणि बाकीच्या मुलांपैकी १.८ टक्के. सत्तावीस पटीने जास्त! आता मला सांगा, एका समाजातली निम्मी मुलं मंदबुद्धी असू शकतात का? चाचण्या बनवल्या होत्या चेक बोलणाऱ्या, चेक घरात वाढलेल्या मुलांच्या हिशोबाने, ज्या मुलाच्या घरची भाषा वेगळी त्याला प्रश्नच कळला नाही तर तो नापास होणार, आणि ते नापास होणं त्याच्या डोक्याच्या खात्यात जमा. मी वर्गात दुसरी भाषा बोलणारी मुलं शिकवलीत, पहिले काही महिने ती गप्प असतात, त्या गप्प बसण्यावरून कोणी त्यांचं पुढचं सगळं आयुष्य ठरवलं तर काय होईल या विचाराने झोप लागत नाही. एकदा स्पेशल शाळेत गेलं की अभ्यासक्रमच कमी, त्यामुळे पुढे नीट हायस्कूल नाही, नोकरी नाही.

अठरा मुलांच्या घरच्यांनी लढायचं ठरवलं. देशातल्या कोर्टात हरले, मग स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क कोर्टात गेले, तिथेही २००६ मधे आधी हरले, आणि शेवटी १३ नोव्हेंबर २००७ ला त्याच कोर्टाच्या मोठ्या खंडपीठाने (ग्रँड चेंबर) १३ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारचं म्हणणं होतं की पालकांनी सह्या दिल्या होत्या. कोर्टाने सांगितलं की पालकांना नीट माहिती न देता छापील फॉर्मवर घेतलेली सही म्हणजे संमती नाही, आणि भेदभाव न होण्याचा हक्क असा सही करून सोडूनही देता येत नाही. मला हे वाक्य फार मोठं वाटतं, कारण गरीब माणसाची सही घेऊन त्यालाच जबाबदार धरणं हे जगात सगळीकडे चालतं.

पण निकाल लागेपर्यंत ती मुलं मोठी झाली होती. प्रत्येकाला भरपाई ४,००० युरो. आणि स्पेशल शाळा? त्या निकालाच्या आधीच कायदा बदलून बंद झाल्या होत्या, म्हणजे कागदावर, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी त्याच इमारतीत, त्याच शिक्षकांसकट, दुसऱ्या नावाने चालू राहिल्या. २०१४ मधे युरोपियन कमिशनला चेक सरकारवर याच मुद्द्यावर नियमभंगाची कारवाई सुरू करावी लागली, नंतर २०१५ मधे स्लोव्हाकियावर, २०१६ मधे हंगेरीवर.

हंगेरीतलं ग्योंग्योश्पाता नावाचं गाव तर आणखी वाईट. एकाच शाळेत रोमा मुलांचे वर्ग तळमजल्यावर आणि बाकीच्यांचे वरच्या मजल्यावर. साठेक माजी विद्यार्थी कोर्टात गेले, जिंकले, मे २०२० मधे तिथल्या सर्वोच्च कोर्टाने भरपाई रोखच द्या असं कायम केलं, एकूण सुमारे दहा कोटी फोरिंट. तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांनी त्याआधीच जाहीरपणे म्हटलं होतं की काम न करता या लोकांना पैसे मिळतायत, हे गावातल्या लोकांना अन्यायाचं वाटतं. निकाल बदलता आला नाही तर पुढे कायदाच बदलला, यापुढे अशा केसमधे रोख भरपाई नाही, प्रशिक्षण वगैरे देऊ. वर्षानुवर्षं ज्यांना शिक्षण नाकारलं त्यांच्या हक्काच्या पैशाला देशाचा पंतप्रधान फुकटचे पैसे म्हणतो आणि लोक टाळ्या वाजवतात, हे लिहितानाही त्रास होतो.

बल्गेरियातल्या दुप्नित्साची गोष्ट आपल्या वाचकांना माहीत नसेल. तिथे रोमा वस्तीत वीज कंपनीने मीटर सहा-सात मीटर उंच खांबावर लावले, बाकी सगळीकडे मीटर माणसाच्या उंचीवर, पावणेदोन मीटरच्या आत. कंपनी म्हणाली वीजचोरी होते. म्हणजे एक-दोघांनी चोरी केली असेल तर सगळी वस्ती चोर, आणि प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्यालाही आपण किती युनिट वापरले ते बघता येणार नाही. तक्रार केली ती वस्तीत किराणा दुकान चालवणाऱ्या बाईंनी, आणि त्या स्वतः रोमा नव्हत्या! १६ जुलै २०१५ ला लक्झेंबर्गमधल्या युनियनच्या कोर्टाने म्हटलं की अशी पद्धत अपमानकारक आणि कलंक लावणारी असू शकते, आणि ज्यांना तिचा त्रास होतो त्या सगळ्यांना दाद मागता येते, मग ते स्वतः त्या समाजाचे असोत नसोत. वंशावरून भेदभाव करायचा नाही हा युनियनचा नियम २००० सालचा आहे, त्याला खरा अर्थ अशा माणसांनी दिला.

आता कोणी म्हणेल की हे सगळं गरिबीमुळे आहे, वंशभेदामुळे नाही. गरिबी आहेच. युनियनच्या मूलभूत हक्क संस्थेने २०२१ मधे दहा देशांत सर्वे केला त्यात ८० टक्के रोमा गरिबीच्या धोक्याच्या रेषेखाली होते आणि पाचातल्या एकाहून जास्त जणांच्या घरात नळ नव्हता, युरोपमधे! पण ही गरिबी आभाळातून पडलेली नाही. वालाखिया आणि मोल्दाविया, म्हणजे आजचा रोमानिया धरा, तिथे रोमा लोक शेकडो वर्षं गुलाम होते, राजाचे, मठांचे, जमीनदारांचे, विकले जायचे, आणि ती गुलामगिरी १८५६ मधे संपली. नंतर नाझींनी लाखो मारले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउशवित्झ-बिर्केनाऊमधे उरलेले सुमारे ४,३०० सिंती (जर्मनीकडची रोमांचीच एक शाखा) आणि रोमा, त्यात मुख्यतः बायका, मुलं, म्हातारी माणसं, एका रात्रीत गॅस चेंबरमधे घातले. आणि युद्ध संपल्यावर पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च कोर्टाने १९५६ मधे काय म्हटलं तर १९४३ च्या आधीची कारवाई वंशामुळे नव्हती, सुरक्षेसाठी होती, त्यामुळे भरपाई नाही. सिंती कार्यकर्त्यांना १९८० मधे डाखाऊच्या छळछावणीच्या जागी उपोषण करावं लागलं, तेव्हा कुठे १९८२ मधे सरकारने तो वंशसंहार होता हे मान्य केलं. चेक रिपब्लिकमधल्या लेटीला जिथे नाझी काळात रोमांची छळछावणी होती, तीनशेहून जास्त माणसं मेली, त्यात लहान मुलं किती, त्या जागी सत्तरच्या दशकापासून डुकरांचा मोठा फार्म होता. वारसांनी वर्षानुवर्षं मागणी केली, फार्म पाडायला २०२२ उजाडलं, स्मारक उघडलं २०२४ मधे.

मूळ भारतातलं हे भाषेवरून सिद्ध झालंय, त्यात वाद नाही, आपल्याला आपुलकी वाटते तेही चांगलंच आहे. पण तेवढ्यावरच थांबलं तर ते तिकडच्या द्वेष करणाऱ्यांना सोयीचं होतं, कारण त्यांनाही हेच म्हणायचं असतं की हे लोक इथले नाहीत. ओस्त्रावाच्या आईबापांनी आम्ही भारतीय म्हणून काही मागितलं नव्हतं, आम्ही इथले नागरिक, आमच्या मुलांना इतरांसारखी शाळा द्या एवढंच मागितलं. आपण त्यांच्या बाजूने बोलायचं तर याच मागणीच्या बाजूने बोलायला पाहिजे.

म्हणून संपादक महोदय, एक स्पष्ट विनंती. एप्रिल २०२३ मधे युरोपियन कमिशनने रोमा मुलांना शाळेत वेगळं बसवण्याच्या प्रश्नावर स्लोव्हाकियाला युनियनच्या कोर्टात खेचलं. इतकी मोठी गोष्ट, पण आपल्या पेपरात मला तरी त्याची एक ओळ दिसली नाही. परदेशाच्या पानावर फुटबॉल आणि राजघराण्याच्या लग्नांना जागा मिळते तर याला चार कॉलम नाही, एक कॉलम तरी द्या. पुढे काय होतं ते छापत राहा, कोणी अभ्यासक मिळाला तर त्याच्याकडून सविस्तर लेख लिहून घ्या, आणि शक्य असेल तर रोमा वकील, शिक्षक, पत्रकार खूप आहेत त्यांच्यापैकी कोणाची तरी मुलाखत घ्या.

आपली,
एक नियमित वाचक, शिक्षिका