रापणीच्या वाट्यात बायका कुठे होत्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्या पर्यटकांचे छायाचित्र आणि त्यासोबतचा लेख वाचला. लेखकाने आपुलकीने लिहिले आहे. मात्र मासळी वाळूवर आली की लेख संपतो. मी देवबागच्या रापणकाराची मुलगी. आमच्याकडे बायकांचे काम तिथूनच सुरू व्हायचे.

होडी अर्धवर्तुळात जाळे सोडत परत किनाऱ्याला यायची, दोन्ही टोकांचे दोर धरून पन्नास-साठ माणसे ओढायला लागायची. मासळीचा लिलाव झाला की जाळ्याचा आणि होडीचा वाटा आधी बाजूला निघे, उरलेले पैसे ओढणाऱ्यांत वाटले जात. कधी वाटणीला काहीच नसायचे, कधी इतके बांगडे लागायचे की व्यापारी पाडून भाव सांगायचा. तारली तर माडांच्या मुळात खत म्हणून जायची.

न खपलेले बांगडे घरी यायचे. आई आणि काकी रात्रभर बसून त्यांची पोटे चिरायच्या, मीठ भरायच्या, थर लावायच्या. बोटांना चिरा पडलेल्या असत आणि त्याच बोटांनी पुन्हा मीठ. पहाटे चुंबळीवर पाटी घेऊन आई वाळूतून निघायची, चौके-काळश्यापर्यंत दारोदार फिरायची. पैसे क्वचितच मिळत. भात, कुळीथ, कधी नारळ घेऊन ती ऊन कलल्यावर परतायची. वडील मनाने चांगले होते, पण त्यांच्या वाट्यावर आमची चूल वर्षभर पेटली नसती. पावसाळ्यात होडी झापांखाली शाकारलेली असायची. तेव्हा आम्ही आईने आणलेल्या भाताची पेज आणि खारा बांगडा खाऊन दिवस काढले. तेही संपले की व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि नव्या हंगामातली मासळी त्याच्याच भावाने त्याला द्यायची. ही उचल फिटलेली मी कधी पाहिली नाही.

पुढे पर्ससीन नौका, म्हणजे भर समुद्रात मोठे जाळे टाकून मासळीला वेढणाऱ्या नौका आल्या. बांगड्याचा थवा किनाऱ्याजवळ पोचण्याआधीच घेरला जाऊ लागला. 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. 2016 च्या फेब्रुवारीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठरवून देण्यात आला. पण हेच महिने रापणीच्या बांगड्याचे! पारंपरिक मच्छीमारांना त्यातून किती दिलासा मिळाला असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. आमची रापण बंद पडली, भाऊ मुंबईला गेले. आईची पाटी मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे चालू होती. मासळी बाजारातून विकत घेऊन, दुसऱ्याने ठरवलेल्या भावाने.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण म्हणजे 2025 मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. किसान क्रेडिट कार्ड, विमा, सवलतीची वीज यांची चर्चा आमच्या गावातही आहे. निर्णय चांगला आहे, मला मनापासून आनंद झाला. पण लाभार्थी ठरवताना नौकेची नोंद आणि मासेमारीचा परवाना एवढेच पाहिले, तर मासळी खारवणारी, सुकवणारी, डोक्यावरून विकणारी बाई पुन्हा बाहेर राहील. तिच्या नावावर ना होडी, ना जाळे. आईच्याही नव्हते. म्हातारपणी डोळे गेले, गुडघे गेले, पण ती मच्छीमार होती असे सांगणारा एकही कागद आमच्याजवळ नव्हता.

मत्स्यव्यवसाय विभागाने किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात मासळी विकणाऱ्या आणि खारवणाऱ्या बायकांची स्वतंत्र नोंद करावी, नवऱ्याच्या परवान्याची अट न घालता. सुरुवात साठीच्या पुढच्या बायकांपासून करावी, कारण त्यांना थांबायला वेळ नाही. आणि रापणीवर पुन्हा लेख छापाल तेव्हा आपल्या वार्ताहराने मालवणच्या मासळी बाजारात या बायकांशीही बोलावे, ही विनंती.

– एका रापणकाराची मुलगी, देवबाग (ता. मालवण)