'घाबरू नका' एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत एलजीबीटीक्यू लोक डॉक्टरकडे जायला का कचरतात यावर एक छोटा लेख आला होता. छापलात त्याबद्दल मनापासून थँक्यू, कारण एरवी आमच्याबद्दल बातमी येते ती मोर्चाची नाहीतर कोर्टाची. पण लेखाचा शेवट नेहमीचाच, "घाबरू नका, पुढे या". मी बेचाळीस वर्षांची बाई आहे, माझी जोडीदारही बाईच आहे, अकरा वर्षं आम्ही एकत्र राहतोय, आणि हे "घाबरू नका" मी इतक्या वेळा वाचलंय की आता ते वाचून भीती तर जात नाहीच, वर आपण घाबरतो याची लाज वाटायला लागते. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा.

आधी भीती कुठून आली ते सांगते. एकतिसाव्या वर्षी पाळीच्या तक्रारीसाठी एका डॉक्टरांकडे गेले होते, त्यांनी विचारलं लग्न झालंय का, मी म्हटलं नाही, मग विचारलं संबंध वगैरे आलेत का, आणि मी भोळेपणाने खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढची वीस मिनिटं पाळीचा विषयच नाही, नुसतं माझ्या आईवडलांना किती वाईट वाटेल आणि योग्य माणूस भेटला की हे सगळं कसं आपोआप सुटेल. फी देऊन बाहेर आले, जिन्यातच कागद फाडला, आणि त्यानंतर नऊ वर्षं कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाची पायरी चढले नाही. नऊ वर्षं! एक बाई वीस मिनिटं बोलली आणि मी नऊ वर्षं घरी बसले, आता लिहितानासुद्धा वेडेपणा वाटतो, पण तेव्हा अगदी बरोबर वाटत होता.

म्हणजे ही भीती उगाच नसते. इलन मायर नावाच्या संशोधकाने २००३ साली यावर सविस्तर लिहिलंय, त्याला मायनॉरिटी स्ट्रेस म्हणतात. त्यातला मला पटलेला मुद्दा असा की त्रास फक्त प्रत्यक्ष अपमानाचा नसतो, "आता अपमान होणार" म्हणून सतत सावध राहण्याचाही असतो. कोणी काहीच बोललेलं नसतं तरी आपण वेटिंग रूममध्ये खांदे आवळून बसलेलो असतो, रिसेप्शनवरची बाई हसली तरी वाटतं आपल्यालाच हसली. आणि जे लपवायचंय ते लपवायलाही ताकद लागते. आमच्यात तर "मावसबहीण" हा शब्द त्यासाठी आहे. जोडीदार एकदा तापाने ॲडमिट होती तेव्हा फॉर्मवर "रुग्णाशी नातं" या रकान्यात मी मावसबहीण लिहिलं, रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "बहिणी असून चेहरा जरासुद्धा जुळत नाही हो तुमचा." मी म्हटलं ती वडलांवर गेलीय. तेव्हा हसलो आम्ही, पण सकाळी डॉक्टरांना काही महत्त्वाचं विचारायचं होतं तर त्यांनी मला बाजूला ठेवून तिच्या भावाला फोन लावला, ज्याने तिच्याशी चार वर्षं बोलणं टाकलं होतं. त्यांची तरी काय चूक, मावसबहिणीला कोण विचारणार. लपवण्याची किंमत अशी वसूल होते.

आता कोणी म्हणेल काळ बदललाय. बदललाय ना, पण कसा बदलला तेही बघा. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या यादीत समलैंगिकता हा चक्क आजार होता. १९७२ साली त्यांच्या डॅलसच्या अधिवेशनात जॉन फ्रायर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ बोलायला उभे राहिले ते तोंडावर मुखवटा, डोक्यावर विग आणि आवाज बदलणारा माइक घेऊन, नाव सांगितलं "डॉ. एच. ॲनॉनिमस". म्हणाले, मी समलिंगी आहे आणि मी सायकियाट्रिस्ट आहे. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, ते निदान यादीतून निघालं. जागतिक आरोग्य संघटनेला मात्र त्यासाठी १७ मे १९९० उजाडावा लागला, आणि ट्रान्स असणं (जन्मावेळी नोंदलेलं लिंग एक आणि माणसाची स्वतःची ओळख दुसरी) मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलं ते २०१९ ला मंजूर झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे त्यांच्या आजारांच्या यादीच्या नव्या आवृत्तीत, जी लागू झाली २०२२ पासून. म्हणजे काल परवा. ज्या डॉक्टरांनी माझ्यापुढे पेन खाली ठेवलं त्या कधी शिकल्या असतील याचा हिशोब मी नंतर केला. माफ नाही केलं, पण हिशोब लागला.

मला त्या फ्रायर यांच्या गोष्टीत सगळ्यात जवळचा वाटतो तो मुखवटा. स्वतः डॉक्टर असून डॉक्टरांसमोर उभं राहायची भीती होती त्या माणसाला आणि ती भीती गेल्यावर ते बोलले असं नाही, भीतीसकट बोलले, जेवढं झाकायचं तेवढं झाकून. तो मीच होतो हे जाहीरपणे सांगायला त्यांना १९९४ साल उजाडलं. बावीस वर्षं.

माझं म्हणणं इतकंच आहे संपादकसाहेब, की आधी भीती जाईल मग आपण जाऊ असं बसलो तर बसूनच राहतो. मी चाळिशीत गेले ते पाळी नसताना मधेच रक्त जायला लागलं म्हणून, आणि गेले तेव्हा पाय लटपटत होते. फरक एवढाच की या वेळी कामाचे तुकडे केले होते. पहिल्या दिवशी फक्त फोन. रिसेप्शनिस्टला म्हटलं, "पेशंट बाई आहे, तिची जोडीदार पण बाई आहे, डॉक्टरांना त्याचं काही वाटत नाही ना?" हे वाक्य मी कागदावर लिहून घेतलं होतं, तरी "जोडीदार" वर अडखळले. पलीकडे शांतता. मग "थांबा हां, विचारून सांगते", मग ती होल्डची ट्यून, मला वाटतं आयुष्यातली सगळ्यात लांब ट्यून, आणि मग, "मॅडम म्हणतायत काहीच प्रॉब्लेम नाही. सकाळची वेळ चालेल का संध्याकाळची?" नाही म्हणाली असती तर फोन ठेवून दुसरीकडे लावला असता, चेहरा कोणी पाहिला नव्हता. दुसरा तुकडा म्हणजे एकटीने जायचं नाही, एक मैत्रीण बरोबर घेतली, जोडीदार मुद्दामच नको म्हटलं कारण ती माझ्यापेक्षा जास्त घाबरते. तिसरा, मनात पक्कं केलं होतं की भाषण सुरू झालं तर ऐकून घ्यायचं नाही, थँक्यू म्हणून उठायचं.

तशी वेळच आली नाही. डॉक्टरांनी मान खाली घालून फॉर्म भरता भरता विचारलं, "जोडीदार आहे? पुरुष, बाई, दोन्ही?" ज्या सुरात ॲलर्जी आहे का विचारतात त्याच सुरात. मी म्हटलं बाई. त्यांनी टिक केली आणि पुढचा प्रश्न, गोळ्या कुठल्या चालू आहेत. नऊ वर्षं ज्याला घाबरले ते इतकं बोअरिंग निघालं. गर्भाशयाच्या मुखाशी एक छोटा पॉलिप, म्हणजे मांसाची वाढ, होता, तिथेच काढला, तपासणीला पाठवला, साधा निघाला.

त्यांच्याकडूनच कळलं की एचपीव्हीचा, म्हणजे ज्या विषाणूमुळे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ शकतो त्याचा, संसर्ग दोन बायकांमध्येही होऊ शकतो. मला आणि माझ्या बहुतेक मैत्रिणींना वाटायचं आपला पुरुषांशी संबंध नाही म्हणजे आपल्याला त्याची टेस्ट नको. जागतिक आरोग्य संघटना सांगते तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही टेस्ट करा, आणि हे गर्भाशयाचं मुख असलेल्या प्रत्येकाला लागू, ट्रान्स पुरुषांनाही (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पुरुष), म्हणजे जे त्या वेटिंग रूममध्ये माझ्याहून कितीतरी जास्त अवघडून बसणार. माझा एक ट्रान्स मित्र आहे, फाइलवर जुनं नाव आहे आणि ते भर गर्दीत मोठ्याने पुकारलं की सगळे वळून बघतात, म्हणून तो गेली दोन वर्षं काउंटरवर जाऊन आधीच सांगतो, "मला आडनावाने हाक मारा प्लीज." कारण सांगत नाही. कोणी विचारतही नाही.

कारण न सांगता काम होतं हे मला फार उशिरा कळलं. डॉक्टरला लेबल नको असतं, माहिती हवी असते. जगात अजून साठच्या वर देश असे आहेत जिथे समलिंगी संबंध हा गुन्हा आहे, तिथल्या माणसाला "बिनधास्त सांगा" म्हणणारी मी कोण? आणि कायदा बाजूने असला तरी घर बाजूने असेलच असं नाही. किती सांगायचं, कोणाला सांगायचं, ते फाइलवर चढेल का, फाइल कोण बघणार, हे विचारायचा हक्क पेशंटला आहे आणि ते सांगायच्या आधी विचारावं.

पण काही गोष्टी अशा की तिथे वेळ घालवून चालत नाही. एका तरुण गे मित्राला कंडोम फाटल्यावर चार दिवस कोणाला सांगायचा धीर झाला नाही. एचआयव्हीचा संसर्ग झाला असेल अशी शंका असेल तर तो रोखायला पीईपी नावाच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि मग २८ दिवस घ्यायच्या. त्याचे ७२ तास लाजण्यात गेले. पुढचे तीन महिने, पक्का रिपोर्ट येईपर्यंत, तो झोपला नाही. निगेटिव्ह आला. पॉझिटिव्ह असता तरी आज नीट औषधं घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला की शारीरिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, हे आता पक्कं माहीत आहे, पण हे त्याला त्या तीन महिन्यांत सांगणारं कोणी नव्हतं कारण त्याने कोणाला विचारलंच नव्हतं.

सपोर्ट ग्रुपचं सांगायचं राहिलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारावरून तीनदा पुढे गेले, चौथ्यांदा आत. खोटं नाव सांगितलं, दोन तास एक शब्द बोलले नाही, कोणी बोलायलाही लावलं नाही. पाचव्या वेळी खरं नाव सांगितलं तर एक आजोबा म्हणाले, "मी पण पहिले सहा महिने दुसराच कोणीतरी होतो." चांगली डॉक्टर मला तिथूनच मिळाली, जाहिरातीतून नाही. वाईट कोण हेही तिथेच कळतं, आणि काउन्सेलर जर "तुम्हाला नॉर्मल करतो" म्हणाला तर चप्पल घालायची आणि निघायचं, दुसऱ्या सिटिंगची वाट बघायची नाही, त्या तथाकथित उपचाराने कोणी बदलत नाही, नुकसान मात्र होतं.

तर पुढच्या वेळी पुरवणीत असा लेख छापाल तेव्हा एक चौकट डॉक्टर आणि रिसेप्शनवाल्यांसाठीही टाका. "लग्न झालंय का" च्या जागी "जोडीदार आहे का" विचारा, एवढंच. खर्च शून्य.

मागच्या महिन्यात जोडीदाराच्या डोळ्याची छोटी सर्जरी होती. फॉर्मवर तोच रकाना, रुग्णाशी नातं. मी "मा" लिहिला, खोडला, आणि "जोडीदार" लिहिलं, इतकं वेडंवाकडं की शेवटचा र चौकटीच्या बाहेर गेला. काउंटरवरच्या मुलाने वाचलं, टाइप केलं, म्हणाला, "मोबाइल नंबर?"

आपली एक वाचक

ता.क. नाव छापू नका. ऑफिसात ती अजून मावसबहीणच आहे.